थायरॉईड आणि आहार: कोबी सोडण्याआधी गोळीची वेळ बघा

थायरॉईडचं निदान झालं की पहिल्याच आठवड्यात गोळ्यांची पट्टी एक मिळते आणि पथ्यांच्या याद्या पाच. कोबी नको, फ्लॉवर नको, सोयाबीन तर अजिबात नको, गहू सोडा, दूध सोडा. मीही अशी एक यादी इमानेइतबारे पाळली. दीड वर्ष घरात कोबी येऊ दिला नाही आणि टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, ग्रंथी मंदावली की तो चढतो) ९ च्या आसपास जिथल्या तिथे राहिला. शेवटी डॉक्टरांनी दिवसभरातल्या सगळ्या गोळ्या वेळेसकट लिहून आणायला सांगितल्या, तेव्हा उलगडा झाला. थायरॉईडची गोळी आणि कॅल्शियमची गोळी मी रोज सकाळी एकाच घोटाबरोबर घेत होते. विसरायला नको म्हणून! दोन्हींमध्ये चार तासांचं अंतर पाडलं आणि पुढच्या तपासणीत आकडा ४ च्या खाली आला. कोबी परत ताटात आला.

म्हणून या लेखातल्या पायऱ्या ज्यानं जास्त फरक पडतो ते आधी, या क्रमानं लावल्या आहेत. भाज्यांचा नंबर बराच खाली लागेल.

पायरी १: आपल्याला नक्की काय झालंय ते कागदावर बघा

‘मला थायरॉईड आहे’ या वाक्याला तसा अर्थ नाही. थायरॉईड सगळ्यांनाच असते. गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला बिलगलेली, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी मोठ्या माणसात साधारण १५ ते २५ ग्रॅम भरते. रक्तातलं आयोडीन ओढून घेऊन ती मुख्यतः टी४ आणि थोडं टी३ ही संप्रेरकं बनवते. नावातला आकडा म्हणजे एका रेणूत आयोडीनचे किती अणू आहेत त्याची मोजदाद. टी४ हा साठ्यातला माल. यकृत, मूत्रपिंड, स्नायू अशा ठिकाणी त्यातला एक अणू काढला जातो आणि टी३ तयार होतं. शरीराचा वेग खऱ्या अर्थानं तेच ठरवतं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी रक्तातल्या पातळीवर नजर ठेवते. माल कमी पडला की ती टीएसएच वाढवून थायरॉईडला तगादा लावते. म्हणूनच ग्रंथी मंदावली की टीएसएचचा आकडा चढतो आणि ग्रंथी अति चालू लागली की तो उतरतो. हे उलटं गणित एकदा डोक्यात बसलं की रिपोर्ट वाचणं सोपं जातं.

आता फाटे फुटतात. जिथे मिठातून आयोडीन पुरेसं मिळतं, तिथे ग्रंथी मंदावण्याचं सर्वांत नेहमीचं कारण हाशिमोटो हा आजार. हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी त्याचं वर्णन १९१२ साली केलं. यात शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते. ग्रेव्हज् आजारात प्रतिकारशक्तीची चूक वेगळी असते आणि ग्रंथी बेलगाम चालते. आयोडीन कमी पडल्यामुळे होणारा गलगंड हा तिसरा प्रकार. शस्त्रक्रियेत ग्रंथी काढून टाकलेली असणं हा चौथा. या चौघांना एकच आहार सांगणारी यादी हातात पडली तर ती बाजूला ठेवा. पहिल्याला आणि दुसऱ्याला जादा आयोडीन बाधू शकतं, तिसऱ्याला आयोडीनच हवं असतं, आणि चौथ्याच्या बाबतीत आहाराचं काम उरतं ते घेतलेली गोळी नीट अंगी लागू देणं.

आहारानं हाशिमोटो बरा होतो असं सांगणारे पुष्कळ भेटतात. नासधूस झालेली ग्रंथी कुठल्याही पदार्थानं परत उभी राहत नाही. गोळी म्हणजे ग्रंथी जे बनवत होती तेच टी४ बाहेरून देणं. ती ‘रसायन’ आहे म्हणून बंद करून फक्त आहारावर राहण्याचा प्रयोग करू नका.

पायरी २: गोळी आणि घास यांच्यात अंतर पाडा

लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे हीच टी४ ची (थायरॉक्सिनची) गोळी, मोठी नखरेल. पोट रिकामं असतानाही तिचा साधारण ६० ते ८० टक्केच भाग लहान आतड्यातून रक्तात शिरतो. पोटात अन्न असेल तर त्याहून कमी. बरं, मात्रा मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात मोजलेली. इतक्या बारीक हिशेबात रोज थोडीथोडी गळती झाली तरी दोन महिन्यांनी टीएसएचमध्ये दिसते.

सरळ पद्धत अशी. सकाळी उठल्यावर अनशापोटी साध्या पाण्याबरोबर गोळी घ्यायची आणि नाश्त्याआधी किमान अर्धा तास, जमलं तर तासभर थांबायचं. ‘पाणी’ म्हणजे पाणीच. कॉफीनं शोषण कमी होतं. चहाही त्या तासानंतर घेतलेला बरा. दुधाबरोबर गोळी घेणं सोयीचं वाटतं, पण दुधातलं कॅल्शियम आड येतं.

ज्यांची सकाळ धावपळीची, त्यांना रात्रीचा पर्याय आहे. शेवटच्या घासानंतर किमान तीन तास गेले की झोपताना गोळी घ्यायची. नेदरलँड्समधल्या एका चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले, रात्री गोळी घेताना टीएसएच सकाळपेक्षा खाली आलेला दिसला. मात्र रात्री अकराला जेवून साडेअकराला आडवं होणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये. सकाळ की रात्र हे आपल्या दिनक्रमावर ठरवा. एकदा ठरवलं की रोज तेच, कारण मात्रा त्याच सवयीवर बेतली जाते. बदल करायचाच असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालून करा.

गोळीपासून चार तास लांब ठेवायच्या गोष्टी: कॅल्शियम, लोह, यांतलं एक जरी असलेल्या मल्टीव्हिटॅमिन गोळ्या, आणि ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम असलेली आम्लपित्ताची औषधं. पोटातली ही मंडळी थायरॉक्सिनला धरून ठेवतात आणि दोघं मिळून शरीराबाहेर जातात. माझं दीड वर्ष असंच वाहून गेलं. जठरातलं आम्ल कमी करणाऱ्या, महिनोन्‌महिने चालणाऱ्या गोळ्यांचा प्रकार थोडा वेगळा. तिथे अंतर पाडून भागत नाही, कारण गोळी नीट विरघळायला आम्ल लागतं. अशी गोळी नव्यानं सुरू झाली किंवा बंद झाली तर दोनेक महिन्यांनी टीएसएच पुन्हा तपासून घ्यावा.

इसबगोलासारखा चोथा आणि सोयाबीनचे पदार्थ गोळीच्या लगेच आधी-नंतर नकोत. मंदावलेल्या थायरॉईडमध्ये बद्धकोष्ठ नेहमीचंच, म्हणून लोक सकाळी उठल्या उठल्या इसबगोल घेतात आणि वर गोळी. त्यापेक्षा इसबगोल संध्याकाळी घ्या.

मात्रा वाढवत नेली तरी टीएसएच उतरत नाही आणि वेळाही चोख आहेत, अशा वेळी आतड्याकडे बघायला हवं. सिलिॲक आजार, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याच्या अस्तराची नासधूस, किंवा हेलिकोबॅक्टर जंतूमुळे जठराला आलेली सूज असेल तर गोळी पुरेशी शोषली जात नाही. दोन्हींसाठी तपासण्या आहेत, त्या सुचवायला संकोच करू नका. आणि एक बारीकशी गोष्ट: गोळीला उष्णता, उजेड, ओल यांचं वावडं असतं. स्वयंपाकाच्या शेगडीवरच्या फडताळात ती ठेवू नये.

एखाद्या दिवशी गोळी चुकली तर घाबरू नका. रक्तातलं टी४ निम्म्यावर यायला जवळजवळ आठवडा लागतो. नुसत्या हयगयीनं मात्र महिन्याला सात-आठ दिवस चुकत असतील, तर आहारात केलेल्या कुठल्याच बदलाचा हिशेब लागणार नाही.

पायरी ३: मिठाचं पाकीट उलटून वाचा

आयोडीन सापडलं तेच अपघातानं. १८११ साली बर्नार कुर्त्वा हा फ्रेंच गृहस्थ बंदुकीच्या दारूसाठी लागणारं सोरा बनवत होता. समुद्री वनस्पतींच्या राखेत आम्ल जरा जास्त पडलं आणि जांभळ्या वाफा उठल्या. १८२० मध्ये जिनिव्हाच्या कुआंदे या डॉक्टरनं गलगंडावर आयोडीन वापरून पाहिलं. पुढे जवळजवळ शंभर वर्षांनी, १९१७ पासून, अमेरिकेत ओहायोतल्या ॲक्रन शहरात शाळकरी मुलींना आयोडीन देऊन गलगंड टाळता येतो हे दाखवलं गेलं. १९२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये आणि १९२४ मध्ये मिशिगनमध्ये आयोडीनयुक्त मीठ बाजारात आलं. डोंगराळ भागात गलगंड जास्त का, याचं उत्तर पावसात आणि हिमनद्यांत आहे. त्यांनी जमिनीतलं आयोडीन हजारो वर्षं धुऊन समुद्रात नेलं. जमिनीत नाही, म्हणून पिकात नाही आणि ताटातही नाही.

आता आपला हिशेब. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराच्या आत मीठ खा असं सांगते. पाकिटावर ‘आयोडीन ३० पीपीएम’ असं छापलेलं असेल तर एका ग्रॅम मिठात ३० मायक्रोग्रॅम आलं, आणि ५ ग्रॅममध्ये बरोबर १५०. तेच १५ पीपीएम असेल तर निम्मं. थोडक्यात, जादा मीठ न खाता काम भागतं. फक्त ते मीठ आयोडीनयुक्त हवं.

गडबड होते ती हौशी मिठांपाशी. गुलाबी खनिज मीठ, जाडं समुद्री मीठ, काळं मीठ यांत आयोडीन वेगळं मिसळलेलं नसेल तर ते नगण्यच असतं. समुद्रातून आलं म्हणजे आयोडीन असणारच, हा समज साफ चुकीचा. घरात फक्त असलंच मीठ येत असेल आणि दूध, अंडी, मासेही वर्ज्य असतील, तर आयोडीन कमी पडण्याची शक्यता खरी आहे. बाहेरच्या तयार खाद्यपदार्थांत मीठ रगड असतं, पण अनेक देशांत ते आयोडीनयुक्त नसतं. त्यामुळे खारट खूप खाल्लं म्हणजे आयोडीन मिळालं असं धरून चालू नका.

मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत, शेगडीपासून लांब ठेवा. स्वयंपाकात ते शक्य तितक्या शेवटी घाला. उकळण्यात आयोडीनचा काही भाग जातो.

मिठाव्यतिरिक्त आयोडीन कुठून मिळतं? कॉडसारख्या समुद्री माशाच्या ८५ ग्रॅमच्या तुकड्यात जवळजवळ १५० मायक्रोग्रॅम, पेलाभर दुधात ८० च्या आसपास, एका अंड्यात साधारण ३०. दुधातला आकडा फार हलता असतो, कारण तो गुरांच्या चाऱ्यावर आणि धार काढताना सडांना लावलेल्या आयोडीनच्या जंतुनाशकावरही अवलंबून असतो. बदामाचं किंवा ओटचं ‘दूध’ घेणाऱ्यांनी त्यात आयोडीन घातलंय का ते पाकिटावर बघावं. बहुधा नसतं.

आयोडीन जास्त झालं तर

हा भाग वेगळा काढला, कारण निदान झालेले लोक इथेच हमखास घसरतात. ‘थायरॉईडला आयोडीन लागतं, माझी थायरॉईड कमी चालते, म्हणून मी आयोडीन घेते’ हा तर्क ऐकायला चोख आणि बहुतेकांच्या बाबतीत चुकीचा. हाशिमोटोमध्ये कच्च्या मालाची टंचाई नसते. कारखान्याच्याच भिंती पडलेल्या असतात. माल ओतून उत्पादन वाढत नाही.

उलट आयोडीन एकदम वाढलं की निरोगी ग्रंथीसुद्धा स्वतःहून काम थांबवते. वुल्फ आणि चायकॉफ या संशोधकांनी १९४८ मध्ये हे दाखवलं. निरोगी ग्रंथी काही दिवसांत सावरते. हाशिमोटो असलेली ग्रंथी कधीकधी सावरतच नाही. ज्यांच्या ग्रंथीत गाठी आहेत त्यांच्यात उलटा प्रकार घडू शकतो. अचानक मिळालेल्या आयोडीनवर त्या गाठी भरमसाट संप्रेरक बनवू लागतात.

वरची सुरक्षित मर्यादा अमेरिकेत दिवसाला ११०० मायक्रोग्रॅम धरतात, युरोपात ६००. नेहमीच्या जेवणातून तिथवर पोचणं अवघड. केल्प नावाच्या समुद्री शेवाळाच्या गोळ्यांनी मात्र एका दिवसात पोचता येतं. वाळवलेल्या समुद्री वनस्पतींच्या एका ग्रॅममध्ये प्रकारानुसार १६ पासून जवळपास ३,००० मायक्रोग्रॅमपर्यंत आयोडीन आढळलं आहे. इतकी तफावत असलेली वस्तू औषध म्हणून कोणत्या मापानं घेणार? ‘थायरॉईड सपोर्ट’ नावाच्या डब्या घेण्याआधी मागचं बारीक अक्षर वाचा. केल्प दिसला की डबी जागेवर ठेवा.

औषधांतूनही आयोडीन येतं. हृदयाचे ठोके नियमित करणाऱ्या ॲमिओडॅरोनच्या २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. दिवसाच्या गरजेच्या पाचशेपट! सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून देतात त्या द्रवातही ते भरपूर असतं. ही औषधं आपल्या मनानं नाकारायची नाहीत. आपला थायरॉईडचा इतिहास मात्र आधी सांगायचा.

पायरी ४: लोह आणि सेलेनियम

आयोडीनच्या गाजावाजात लोह मागे पडतं. माझ्या मते अनेक बायकांसाठी तोच जास्त निकडीचा मुद्दा आहे. आयोडीन संप्रेरकात बसवण्याचं काम जे विकर (एन्झाइम) करतं, त्याला चालायला लोह लागतं. शिवाय इथे एक दुष्टचक्र आहे. थायरॉईड मंदावली की पाळीत रक्तस्राव वाढतो, त्यातून लोह जातं, लोह घटलं की ग्रंथी आणखी अडखळते. गळणारे केस, चढ चढताना लागणारी धाप, सदाचा थकवा यांतलं किती थायरॉईडचं आणि किती लोहाचं, हे नुसतं बघून सांगता येत नाही. हिमोग्लोबिनसोबत फेरिटिनही तपासून घ्या. फेरिटिन म्हणजे लोहाची शिल्लक. हिमोग्लोबिन ठीक असतानाही ती रिकामी असू शकते.

मांस आणि माशांतलं लोह सहज शोषलं जातं. डाळी, कडधान्यं, पालेभाज्यांतलं कमी. त्यांच्याबरोबर लिंबू, संत्रं, टोमॅटो, पेरू असं क जीवनसत्त्वाचं काही घेतलं की शोषण वाढतं आणि जेवणावर लगेच चहा-कॉफी घेतली की घटतं. लोहाची गोळी सुरू झालीच तर थायरॉईडच्या गोळीपासून चार तास, हे परत सांगते. बऱ्याचदा दोन्ही गोळ्या एकाच चिठ्ठीवर येतात आणि अंतराबद्दल कोणी बोलत नाही.

सेलेनियमचं काम दुसऱ्या टोकाला. टी४ चं टी३ करणारी विकरं सेलेनियमवर चालतात आणि ग्रॅमामागे सर्वांत जास्त सेलेनियम थायरॉईडमध्येच सापडतं. मोठ्या माणसाची रोजची गरज ५५ मायक्रोग्रॅम. मासे, अंडी, मांस, अख्खी धान्यं, कडधान्यं यांतून ती बहुधा भागते. धान्यात किती असेल ते जमिनीवर ठरतं. फिनलंडची जमीन इतकी निकस होती की १९८० च्या दशकाच्या मध्यापासून तिथे खतातच सेलेनियम मिसळतात.

आणि मग ब्राझील नट. एका बीमध्ये साधारण ७० ते ९० मायक्रोग्रॅम, म्हणजे एका बीतच दिवसाची गरज पूर्ण. ‘चांगलं असतं’ म्हणून मूठभर खाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की अमेरिकी मर्यादा दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम आहे आणि युरोपनं ती २०२३ मध्ये २५५ वर आणली. सेलेनियम फार झालं की नखं ठिसूळ होतात आणि केस गळतात. म्हणजे ज्या तक्रारीसाठी बिया सुरू केल्या तीच पदरात. सेलेनियमच्या गोळ्यांनी हाशिमोटोमधली प्रतिपिंडं (अँटीबॉडी) काही चाचण्यांत घटलेली दिसतात, पण त्यामुळे रुग्णाला बरं वाटतं किंवा गोळी सुटते असं ठामपणे दिसलेलं नाही. ग्रेव्हज् मध्ये डोळ्यांवर सौम्य परिणाम झाला असेल तर डॉक्टर सहा महिने सेलेनियम देतात. त्याला आधार आहे, पण तो उपचार झाला, आहार नव्हे.

जस्त, ड जीवनसत्त्व, बी१२ यांबद्दल थोडक्यात: कमतरता असेल तर भरून काढा, नसेल तर वर ढीग रचू नका. हाशिमोटो असलेल्या काहींना बी१२ शोषू न देणारा जठराचा आजारही असतो, म्हणून ते एकदा तपासणं शहाणपणाचं.

पायरी ५: कोबीवरचा खटला

कोबीवर आरोप आला तो सशांमुळे. १९२८ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वेगळ्याच संशोधनासाठी पाळलेल्या सशांना मुख्यतः कोबी खायला घालत होते. त्यांचे गळे फुगले. त्यातून कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली, नवलकोल, मुळा, मोहरी या कुळातले घटक उजेडात आले. भाजी चिरली की तिच्यातलंच एक विकर या घटकांचं विघटन करतं आणि थायोसायनेट, गॉइट्रिन असे पदार्थ बनतात. थायोसायनेट आयोडीनशी स्पर्धा करून त्याला ग्रंथीत शिरू देत नाही. आरोप खोटा नाही. प्रश्न किती खाल्ल्यावर, एवढाच.

दोन टोकं बघा. २०१० मध्ये एका ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात ८८ वर्षांच्या बाईंची हकिगत आली. मधुमेह आटोक्यात येईल या आशेनं त्या कित्येक महिने रोज १ ते १.५ किलो कच्चा बॉक चॉय, म्हणजे कोबीचाच चिनी भाऊबंद, खात होत्या. थायरॉईड ठप्प होऊन त्यांना अतिदक्षता विभागात नेण्याची वेळ आली. दुसरीकडे निरोगी माणसांना चार आठवडे रोज १५० ग्रॅम शिजवलेले ब्रसेल्स स्प्राउट, म्हणजे इवलेसे कोबी, दिले, तर थायरॉईडच्या आकड्यांत काहीही फरक पडला नाही. शिजवताना ते विकर निकामी होतं आणि बरेचसे घटक पाण्यात उतरतात.

म्हणून आयोडीन पुरेसं असणाऱ्यानं आठवड्यातून तीन-चार वेळा शिजवलेला कोबी खुशाल खावा. रोज मोठा पेला भरून कच्च्या केलचा (कोबीच्याच कुळातली पालेभाजी) आणि कोबीचा रस प्यायचा बेत मात्र रद्द करा. ज्याची ग्रंथी काढलेली आहे त्यानं तर कोबीची काळजी करण्याचं कारणच नाही. आयोडीन अडवायचं तरी कुठे?

कसावा (साबुदाणा ज्यापासून करतात तो कंद) आणि बाजरी हेही याच संशयितांच्या रांगेतले. आफ्रिकेच्या काही भागांत, जिथे आयोडीन आधीच तुटपुंजं होतं आणि जेवणात दुसरं धान्य-कंद फारसं नव्हतं, तिथे त्यांचा गलगंडाशी संबंध दिसला. दोन्ही अटी एकत्र आल्या तेव्हाच. आणि थायोसायनेटचा विचार करायचाच तर ताटाआधी सिगारेटकडे बघा. तिच्या धुरातूनही ते शरीरात वाढतं, आणि ग्रेव्हज् मध्ये डोळ्यांचा आजार बळावण्यामागे धूम्रपान हे पक्कं कारण आहे. साप समजून भुई धोपटताना खरा साप कोपऱ्यात धूर काढत बसलेला असतो.

सोयाबीन आयोडीन पुरेसं असलेल्या निरोगी माणसात थायरॉईड बिघडवत नाही. गोळीचं शोषण मात्र घटवतं. खा, गोळीपासून लांब खा, आणि प्रमाण अधूनमधून एकदम बदलू नका. सोयाचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला जन्मतः थायरॉईडचा त्रास असेल तर मात्रा जास्त लागू शकते. ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

ग्लुटेनबद्दलही असंच. सिलिॲक आजार असेल तर ग्लुटेन पूर्ण बंद, त्यात तडजोड नाही. तो नसेल तर गहू सोडून थायरॉईड सुधारते याला भक्कम पुरावा नाही. पण गहू सोडण्याआधी तपासणी करा. सोडल्यानंतर केली तर ती खोटीच ‘नाही’ येऊ शकते.

पायरी ६: वजनाबद्दल स्वतःशी खरं बोला

थायरॉईड मंदावल्यानं वजन वाढतं हे खरं, पण त्यातला थायरॉईडचा वाटा साधारण २ ते ५ किलो, आणि तोही बराचसा अंगात साठलेल्या पाण्या-मिठाचा. गोळी लागू पडली की तेवढं उतरतं. पंधरा-वीस किलोंचं खापर एकट्या ग्रंथीवर फोडता येत नाही. हे ऐकायला मलाही आवडलं नव्हतं.

घाईनं वजन उतरवायला जेवण निम्म्यावर आणलं, तर शरीर दुष्काळ पडला असं समजून टी४ चं टी३ करणं कमी करतं आणि टी४ चा काही भाग निष्क्रिय रूपाकडे वळवतं. थकवा, थंडी, मरगळ, सगळी थायरॉईडचीच लक्षणं मग उपासमारीनं येतात. त्यापेक्षा रोजच्या खाण्यातून थोडंच कमी करा, प्रत्येक जेवणात डाळ, अंडी, मासे, दही असं प्रथिनांचं काहीतरी ठेवा, भाज्या वाढवा आणि गोळीची मात्रा स्थिरावल्यावरच वजनकाट्याकडे बघा.

ज्यांची ग्रंथी जास्त चालते त्यांच्यासाठी

इथे वरचं बरंच काही उलटं होतं. ग्रंथी ताब्यात येईपर्यंत शरीर कॅलरी आणि स्नायू जाळत असतं, हाडांतलं कॅल्शियमही जातं. त्यामुळे पोटभर जेवण, प्रथिनं, दूध-दही आणि पुरेसं ड जीवनसत्त्व हवं. छातीत धडधड आणि हातांना कंप असेल तर चहा-कॉफी कमी करा, फरक दोन-तीन दिवसांत कळेल. केल्प आणि आयोडीनच्या गोळ्या पूर्ण बंद. साधं आयोडीनयुक्त मीठ कोणी सांगितल्याशिवाय सोडू नका.

किरणोत्सारी आयोडीनचा उपचार, विशेषतः थायरॉईडच्या कर्करोगानंतरचा, ठरला तर त्याआधी एक ते दोन आठवडे दिवसाला ५० मायक्रोग्रॅमच्या आत आयोडीन ठेवायला सांगतात. आयोडीन न घातलेलं मीठ, आणि मासे, दुधाचे पदार्थ, अंड्याचा बलक बंद. ग्रंथीतल्या उरल्यासुरल्या पेशी भुकेल्या राहाव्यात आणि औषधातलं आयोडीन त्यांनी ओढून घ्यावं, हा त्यामागचा हेतू. हा आहार तेवढ्याच दिवसांचा.

दिवस राहिले असतील तर

गरोदरपणात आयोडीनची गरज २५० मायक्रोग्रॅमवर जाते. पहिल्या तीनेक महिन्यांत बाळ आईच्याच संप्रेरकावर असतं. आधीपासून गोळी चालू असेल तर मात्रा बहुधा २५ ते ३० टक्क्यांनी वाढवावी लागते, म्हणून चाचणी सकारात्मक आली त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा, पहिल्या सोनोग्राफीची वाट बघू नका. याच काळात लोह आणि कॅल्शियमही सुरू होतं. सकाळी थायरॉईड, दुपारी लोह, रात्री कॅल्शियम अशी वाटणी बऱ्याचजणींना सोपी जाते.

पायरी ७: तपासणीच्या आधीचे दोन दिवस

केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांनी हे नीट वाचा. बायोटिनची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम. केसांच्या गोळ्यांत ते ५,००० ते १०,००० मायक्रोग्रॅम असतं. ग्रंथीला त्यानं काही होत नाही, पण अनेक प्रयोगशाळांची यंत्रणाच बायोटिनवर चालते आणि रक्तातलं जादा बायोटिन तिला चकवतं. टीएसएच खोटाच कमी आणि टी४ खोटंच जास्त दिसतं. मग डॉक्टर मात्रा कमी करतात, खरं संप्रेरक घटतं, केस आणखी गळतात आणि बायोटिन वाढवलं जातं. तपासणीआधी किमान दोन दिवस ते बंद ठेवा, आणि मात्रा फार मोठी असेल तर किती दिवस ते विचारून घ्या.

रक्त सकाळी द्या आणि त्या दिवशीची गोळी रक्त दिल्यावर घ्या, कारण गोळीनंतर काही तास टी४ चढलेलं असतं. दर वेळी शक्यतो तीच प्रयोगशाळा आणि तीच वेळ. वेळा, मात्रा किंवा आहार बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत तपासणी करण्यात अर्थ नाही, आकडा तोवर स्थिरावलेलाच नसतो. आणि दोन गोष्टी एकदम बदलू नका. गोळी रात्रीवर नेली, त्याच आठवड्यात गहू सोडला आणि सोया सुरू केलं, तर फरक कशानं पडला ते कळणार कसं?

तोवर एक कागद फ्रिजवर लावून ठेवा: गोळी किती वाजता, पहिला घास किती वाजता, चहा-कॉफी किती वाजता, दुसऱ्या गोळ्या कोणत्या आणि किती वाजता, कुठल्या दिवशी चुकली. पुढच्या भेटीत रिपोर्टच्या शेजारी तोच कागद डॉक्टरांसमोर ठेवा.